अ‍ॅडमिनबाय

आमच्या अंबरनाथात एखाद्याची पोस्ट 'पूल' या ग्रुपवरून काढायची असली, की आधी त्याला फोन जायचा. "नमस्कार, मी 'पूल'वरून बोलतेय. तुम्ही सकाळी जे लिहिलंय, त्याबद्दल जरा बोलायचं होतं. आत्ता वेळ आहे, की मागाहून करू?" आवाज इतका स्वच्छ आणि घोटीव, की पलीकडच्याला वाटावं, बँकेतून कोणी बोलतंय. तो सावरून बसायचा. मग पुढचा प्रश्न यायचा, "हे तुम्ही स्वतः पाहिलंत, की कोणी पाठवलं?" निम्मे लोक इथेच गडबडायचे. फोन संपेपर्यंत बऱ्याच जणांनी आपली पोस्ट आपणच काढलेली असायची. काही जण उलट पटवून द्यायचे की ती राहायलाच हवी, आणि मग ती राहायची. लिहिलेलं पुसण्याआधी लिहिणाऱ्याचं ऐकून घेणारी अशी बाई मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. तिला सगळे अ‍ॅडमिनबाय म्हणायचे.

आगऱ्यांच्या घरात मोठ्या बहिणीला, आत्याला, मायेच्या कुठल्याही बाईला 'बाय' म्हणतात. बाहेरून राहायला आलेल्या लोकांना हे ठाऊक नसायचं. आमच्या सोसायटीतल्या एकाला कितीतरी दिवस वाटत होतं की ही बाई ग्रुपमधून काढताना 'बाय' म्हणते, म्हणून तिचं नाव अ‍ॅडमिनबाय. तिला हे सांगितलं तेव्हा ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली होती. मीही मूळची कऱ्हाडकडची. सुरुवातीला तिला अहो-जाहो करायचे. एक दिवस ती म्हणाली, "बायला कोनी अहो म्हनतं का गो? परकी करतंस मना." तेव्हापासून ती माझीही बाय झाली.

तिच्याकडे अशा दोन भाषा होत्या. एक घरची आणि एक टेलिफोनची. तिच्या वडिलांची भातशेती एमआयडीसीत गेली. त्यानंतर घरातली मॅट्रिक झालेली पहिली मुलगी म्हणून ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर लागली आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिली. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, आणि या गावाची त्या गावाशी गाठ घालून द्यायची. तिथे तिने ती स्वच्छ भाषा कमावली. राग आला की मात्र टेलिफोनची भाषा गळून पडायची आणि बदलापुरातल्या कुळगावच्या आजोळची, 'ळ'चा 'ल' करणारी बोली बाहेर यायची. ग्रुपवरच्या जुन्या लोकांना हे माहीत होतं. फोनवर बाय शुद्ध बोलतेय तोवर काळजी नसायची.

'पूल' हा ग्रुप तिने निवृत्त झाल्यावर काढला. नाव स्टेशनच्या पादचारी पुलावरून ठेवलं, कारण पूर्वेचे आणि पश्चिमेचे लोक तेवढ्या एका ठिकाणी समोरासमोर येतात असं तिचं म्हणणं होतं. हळूहळू त्यात बदलापूर आणि उल्हासनगरचीही माणसं आली. पाणी कधी येणार, कुठला रस्ता खणलाय, कोणाचं मांजर हरवलंय, सगळं त्यावर. माझी तिची ओळखही पाण्यावरूनच झाली. आमच्या इमारतीला पाणी येत नव्हतं आणि शेजारच्या मोठ्या संकुलाला भरपूर येत होतं, तसं मी लिहिलं. दुसऱ्या दिवशी एक माणूस दारात येऊन 'पोस्ट काढा, उगाच वाढवू नका' असं सांगून गेला. मी काढायला निघाले होते, तेवढ्यात बायचा फोन आला. कोणीतरी तिलाही तेच सांगितलं होतं. ती म्हणाली, "पोस्ट तुमची आहे. चुकीची वाटत असेल तर काढा. भीती वाटते म्हणून काढणार असाल, तर आधी माझ्याकडे चहाला या." मी चहाला गेले. पोस्ट राहिली. पुढे ग्रुप सांभाळायला तिने मलाही हाताशी घेतलं.

तिच्या न्यायाला घरचं-दारचं नव्हतं. एकदा कोणीतरी फोटोसकट लिहिलं की अमुक गल्लीत दुकानाचा ओटा गटारावर बांधलाय आणि पाणी तुंबतंय. दुकान तिच्या सख्ख्या भाच्याचं. तो तणतणत घरी आला. मी तिथेच बसले होते.

"आत्या, तुझ्याच ग्रुपवर माझी इज्जत काढतात आणि तू बघत बसतेस?"

"खोटा हाय काय त्यान?"

"खोटं-खरं जाऊ दे. तू अ‍ॅडमिन आहेस ना? काढ."

"खोटा हाय तं खाली लिव. तुझा नाव लावून लिव. मी तुझा पन ठेवते नि त्याचा पन ठेवते."

भाचा पाय आपटत गेला. खाली त्याने काही लिहिलं नाही. महिन्याभराने ओट्याचा गटारावरचा भाग तोडला, आणि त्याचा फोटो मात्र स्वतःच ग्रुपवर टाकला. बायने त्याखाली नुसते जोडलेले हात टाकले.

मी उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये एका जीन्सच्या कारखान्याचं ऑफिस सांभाळते. तिथले आमचे सिंधी शेठ एकदा ट्रॅफिकवर चिडून एका जमातीबद्दल नको ते लिहून बसले. बायचा फोन आला तेव्हा मी समोरच होते. शेठ आधी गुरगुरले, मग "हां बहेनजी, वो लाइन निकाल देता हूँ, बाकी रखूँ ना?" म्हणाले. फोन ठेवून मला म्हणाले, "बाकी सब जगह डायरेक्ट उडा देते हैं. ये बाई पूछती है. गुस्सा भी नहीं कर सकते." त्या दिवसापासून दिवाळीला बायच्या घरी त्यांच्याकडून मिठाई जाऊ लागली.

फोन न करता बायने एकदाच पोस्ट उडवली. रविवार होता, दुपारची वेळ. मी तिच्याकडे जेवायला गेले होते. तांदळाची भाकरी परातीत थापता थापता तिने शेजारी ठेवलेल्या फोनकडे पाहिलं आणि पिठाच्याच हाताने तो उचलला. तीन बायकांचा फोटो होता, डोक्यावर बोचकी. खाली लिहिलेलं, 'मुलं पळवणारी टोळी कुळगावात शिरली आहे. दिसल्या तर सोडू नका.' बायने ती पोस्ट पुसली, गॅस बंद केला आणि चपला घातल्या.

"बाय, फोन?" मी विचारलं.

"फोन मागून. आधी तिथं चल."

रिक्षा करून आम्ही कुळगावात गेलो. पोस्ट गेली होती तरी ती आधीच शंभर ठिकाणी पोचली होती. एका बंद दुकानाच्या शटरला पाठ लावून त्या तिघी बसल्या होत्या. भोवती माणसांचं कडं. बोचकी सोडून टाकलेली, स्टीलचे टोप आणि वाट्या रस्त्यावर विखुरलेल्या. एकाच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी होती आणि तो ती उंच धरून ओरडत होता, "केस बघा! पोरींचे केस कापून नेतात!" पिशवीत खरंच केस होते. काळे, पांढरे, गुंतवळाचे गोळे. ते पाहून गर्दी आणखी पिसाळली होती.

बाय कशी आत शिरली ते मला कळलंच नाही. साठी उलटलेली, बुटकी बाई. ती त्या तिघींच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. एकाने हातातली काठी उगारली होती. त्याला ती म्हणाली, "यांना मारतंस? पयला मना मार." काठी वरच राहिली. मग बायने खाली वाकून रस्त्यावरचा एक टोप उचलला, आणि टेलिफोनच्या त्या स्वच्छ आवाजात, न ओरडता, सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, "केसांवर भांडी देणाऱ्या बाया आहेत या. तुमच्यापैकी कोणाच्या आईने गुंतवळ देऊन वाटी घेतली नाही, त्याने पुढे यावं."

मग वरच्या गॅलरीतून एक म्हातारी ओरडली, "अरे, ही काळ्या लुगड्यावाली दर वर्षी येते! माझ्याकडे आहे हिचा टोप!" आणखी एक बाई पुढे आली. कडं सैल पडलं. पोलीस आले तेव्हा तिघींना पाणी पाजणं चालू होतं.

मग बायने फोन केला. पोस्ट टाकणारा माणूस त्याच वस्तीतला निघाला, प्रकाश नावाचा, कारखान्यात काम करणारा, दोन लहान मुलींचा बाप. तो धावतच आला. फोटो त्याला मेव्हण्याने पाठवला होता. बायने त्याला एका शब्दानेही टोचलं नाही. तोच आपणहून रस्त्यावरच्या वाट्या गोळा करायला लागला. गोळा करता करता म्हणाला, "पण बाय, खरंच टोळी असती तर? माझ्या पोरी शाळेतून एकट्या येतात."

"तर पोलिसांना फोन करायचा, शाळेत जाऊन उभं राहायचं. तुझी भीती खरी आहे रे. पण गावाच्या हातात काठी द्यायची नाही."

त्या दिवसांत ग्रुपवर तिला कमी बोलणी बसली नाहीत. 'मालकी आहे का तुमची?', 'आज ही पोस्ट काढली, उद्या खरं लिहिलेलंही काढाल.' यावर बायने स्वतःच्या नावाने लिहिलं की पोस्ट मी काढली, न विचारता काढली, कारण जिवावर बेतलं होतं. ज्याला हे पटत नाही त्याने खाली लिहावं. खाली बरंच काही लिहिलं गेलं. त्यातलं एक अक्षर तिने पुसलं नाही. मी म्हटलं, शिव्या तरी काढू या. ती म्हणाली, "मला दिल्यात ना? राहू देत. माझ्यावर बोलता येत नाही असं एकदा लोकांना वाटलं, की मग कोणावरच बोलत नाहीत."

नियमच नकोत असं ती कधीच म्हणाली नाही. कॉलेजातली मुलं तावातावाने म्हणायची की नेटवर कोणाचंच बंधन नको. ती त्यांना कुळगावची दुपार सांगायची. आणि कोणी म्हणालं की सरकारने सगळं तपासूनच सोडावं, तर त्याला म्हणायची, "नियम हवा. पण नियम लावणाऱ्याचं तोंड दिसलं पाहिजे, आणि त्याला उलट विचारता आलं पाहिजे."

हे बोलणं तिच्या स्वतःवर आलं ते वासाच्या प्रकरणात. एमआयडीसीजवळच्या वस्त्यांत संध्याकाळी उग्र वास सुटायचा आणि डोळे चुरचुरायचे. लहान मुलांचा खोकला हटत नव्हता. एका सकाळी एका कारखान्यातला कामगार तोंडाला रुमाल बांधून बायच्या घरी आला. आत काय बोलणं झालं ते तिने मलाही सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "चल, नाला बघून येऊ." आम्ही दोघी गेलो. झुडपांच्या मागे, भिंतीच्या बुडाशी एक पाइप नाल्यात सोडलेला होता आणि पाण्यावर पिवळट फेस तरंगत होता. उभं राहवत नव्हतं. बायने नाकाला पदर लावून फोटो काढले, त्या तारखेला आपण स्वतः काय पाहिलं ते लिहिलं, आणि आतल्या माणसाने काय सांगितलं तेही त्याचं नाव न देता लिहिलं.

नाव लावून बोला असं सगळ्यांना सांगणारी बाय याचं नाव का देत नाही, असं मी विचारलं. ती म्हणाली, "मला नाव माहीत पाहिजे, म्हणजे माणूस खरा आहे एवढं मी गावाला सांगू शकते. गावाला नाव कशाला? त्याच्या घरी चूल आहे."

दोन दिवसांनी कारखान्याच्या वतीने एक गृहस्थ मिठाईचा पुडा घेऊन आले. "मॅडम, आपल्या गावाचं नाव खराब होतंय," म्हणाले. बाय म्हणाली, "गावाचा वास खराब झालाय, नावाचं नंतर बघू. तुमचं म्हणणं लिहून द्या, काटछाट न करता लावते." त्यांनी काही लिहून दिलं नाही. पुडा बायने त्यांच्याबरोबरच परत पाठवला.

मग एका सरकारी कार्यालयातून बोलावणं आलं. मी सोबत गेले. टेबलापलीकडच्या साहेबांनी सांगितलं की ही अफवा आहे, पोस्ट काढा आणि माहिती देणाऱ्याचं नाव सांगा. बाय शुद्ध बोलत होती, म्हणून मला धीर होता.

"काढते ना साहेब. लेखी आदेश द्या. कोणत्या कायद्याने आणि कोणाच्या सहीने, ते त्यात असू द्या. कायदा असेल तर मी तो मोडणार नाही."

"तोंडी सांगितलेलं पुरत नाही का?"

"नाही पुरत. उद्या लोकांनी विचारलं तर मी काय दाखवू?"

"आणि नाव?"

"नाव मला माहीत आहे. ते मी देणार नाही."

साहेबांनी आवाज चढवला. बाय शांतपणे म्हणाली, "मी जन्मभर एक्स्चेंजमध्ये होते. अख्ख्या गावाची भांडणं, लग्नं, मरणं माझ्या कानावरून गेलीत. त्यातलं कधी काही बाहेर आलं नाही. आता या वयात सुरुवात करू का?" बाहेर पडल्यावर जिन्यात तिने कठड्याला घट्ट धरलं. तेव्हा मला कळलं, तीही घाबरली होती.

लेखी आदेश आलाच नाही. पण एका सकाळी ग्रुपच नाहीसा झाला. एकाच वेळी खूप लोकांनी तक्रारी टाकल्या असाव्यात. स्क्रीनवर एवढंच आलं, की तुमचा ग्रुप आमच्या नियमांत बसत नाही. कुठल्या नियमात, ते नव्हतं. बायने दाद मागण्याचं बटण दाबलं. तेच वाक्य परत आलं. ती चष्मा लावून त्या पानावर वरखाली करत राहिली.

"काय शोधतेस?" मी विचारलं.

"नंबर शोधते गो. कोनाला तरी फोन करून विचारू ना, की आमचा काय चुकला." आणि मग, फोन खाली ठेवून, "विचारायला मानूसच नाय."

मी तिला खचलेली पाहिली ती तेवढीच. कारण दुसऱ्या दिवशी ती रिक्षा स्टँडवर उभी होती, तिथून भाजीवाल्यांकडे, तिथून शाळेच्या फाटकावर. रविवारी सभा आहे, या. आमच्या सोसायटीचा हॉल मी मिळवला. शेठनी स्पीकर पाठवले. खुर्च्या लावल्या त्या भाच्याने. प्रकाश बदलापूरहून दोन्ही मुलींना घेऊन आला. ग्रुपवर बायला हुकूमशहा म्हणणारे दोघे-तिघेही आले आणि मागे उभे राहिले. हॉल भरून माणसं जिन्यात बसली.

नाल्याकाठच्या बायका बोलल्या. कोणी मुलाचं औषध दाखवलं, कोणी लाल झालेले डोळे. मग मिठाईचा पुडा आणणारे ते गृहस्थ मागून उठले आणि म्हणाले, मलाही बोलायचंय. लोक ओरडायला लागले, 'बसवा त्याला, बाहेर काढा.' बायने माइक हातात घेतला. "कोणी ओरडायचं नाही. आपलं तोंड बंद केलं म्हणून आपण इथे जमलोय. आता आपणच दुसऱ्याचं बंद करणार का? त्यांना बोलू द्या. मग तुम्ही विचारा." आणि तिने तो माइक त्यांच्या हातात दिला. ते बोलले. कारखान्यात किती लोकांचं पोट आहे ते बोलले. त्यानंतर लोकांनी पाइपबद्दल विचारलं, तेव्हा मात्र ते पुन्हा पुन्हा नोकऱ्यांवरच येत राहिले, आणि हे सगळ्यांनी पाहिलं. मी कोपऱ्यात उभी होते. ही बाई आपल्या गावची आहे, असं मला त्या क्षणी कोणालातरी ओरडून सांगावंसं वाटलं.

त्या दिवशी केलेल्या अर्जावर सह्यांसाठी कागद पुरले नाहीत. तपासणीला माणसं आली, नमुने घेतले गेले, आणि पावसाळ्याच्या आत तो पाइप बंद झाला. सगळेच वास गेले असं मी म्हणणार नाही. तो एक गेला. ग्रुपही पुढे कधीतरी, जसा गेला तसाच न सांगता, परत आला. बाय म्हणाली, "सॉरी नाही, काही नाही. आमच्या खात्यात असं केलं असतं तर मेमो मिळाला असता."

गेल्या वर्षी थोड्याशा आजारपणानंतर बाय गेली. शोकसभा त्याच हॉलमध्ये झाली. शेठ आले होते, प्रकाश आला होता, गॅलरीतून ओरडलेल्या त्या टोपवाल्या म्हातारीला तिच्या नातीने धरून आणलं होतं. माणसं एकेक करून बोलत होती. शेवटी एक मधल्या वयाचा माणूस उठला. त्याला आमच्यापैकी कोणी ओळखत नव्हतं.

"नाल्याचं बायला मी सांगितलं होतं," तो म्हणाला. "कंपनीने तिला विचारलं. साहेबांनी विचारलं. घरच्यांनीपण विचारलं असेल. तिने सांगितलं नाही. मी अजून तिथेच कामाला आहे. ती होती तोवर मला बोलायची गरज पडली नाही. आज मला वाटतं, माझ्या तोंडाने सांगावं."

आणि त्याने माइक सरळ करून स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, बापाच्या नावासकट. मग भाच्याने उठून त्याला आपली खुर्ची दिली.

ते नाव मी इथे लिहीत नाही. ते त्याचं आहे, आणि त्याने ते सांगितलं आहे.